लाकूड, संहिता आणि पासोडी : वारसामूल्याचा एक प्रश्न

बीड जिल्ह्यातील अंबेजोगाई येथे दासोपंतांची पासोडी जतन केलेली आहे. ‘पंचीकरण’ हा ग्रंथ या संतकवीने एका लांबलचक वस्त्रपटावर लिहिला, अशी परंपरा आहे. या ग्रंथाची संहिता कागदावर उतरवता येते, छापता येते, आणि तिच्या अर्थाला त्यामुळे कोणतीही बाधा पोचत नाही. असे असूनही वस्त्र जीर्ण झाले म्हणून ते टाकून द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. येथे एकाच नावाखाली दोन वस्तू नांदत असतात: एक पुनर्लेखनाने नष्ट न होणारी, दुसरी एकदाच घडलेली. नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली कलाकृतींचे जे द्विविध वर्गीकरण मांडले, त्याचा गाभा हाच आहे. चित्राची नक्कल बनावट ठरते. काव्याची शुद्ध प्रत मात्र काव्यच असते.

जुना लाकडी रस्तापूल या दोहोंपैकी कोणत्या वर्गात बसतो?

प्रथमदर्शनी तो चित्राच्या बाजूचा वाटतो. विशिष्ट वृक्षाचे, विशिष्ट हातांनी तासलेले लाकूड हेच त्याचे द्रव्य. परंतु लाकडाचा स्वभाव या समजुतीला टिकू देत नाही. पाणी जेथे साचून राहते तेथे, म्हणजे सांध्यांत, खांबाला टेकलेल्या तुळयांच्या टोकांशी, फळ्यांच्या खालच्या अंगाला, लाकूड आधी कुजते. फळ्या चाकांखाली झिजतात. तुळया त्याहून अधिक काळ तग धरतात. प्रत्येक अवयवाचे आयुष्य निराळे असल्याने वापरातला लाकडी पूल सदैव अंशतः नवा असतो. त्याची दुरुस्ती हा अपघात मानता येत नाही. ती त्याची जीवनपद्धती होय. मिलिंदप्रश्नातल्या नागसेनाने रथाविषयी राजाला जे विचारले, तेच येथे विचारता येईल: आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? जपानमधील इवाकुनीचा पादचारी किंताई पूल १६७३ साली प्रथम उभा राहिला, १९५० च्या पुरात वाहून गेला, १९५३ मध्ये पुन्हा बांधला गेला आणि २००१ ते २००४ या काळात त्याच्या लाकडी कमानी पुनश्च नव्याने घडवल्या गेल्या. तेथे सांध्यांचे ज्ञान सुतारांच्या एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिले. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलतेचा निकष केवळ द्रव्यापुरता न ठेवता तंत्र, वापर आणि परंपरा यांच्यापर्यंत विस्तारला, तो अशाच अनुभवांच्या बळावर. या दृष्टीने पूल काव्याच्या बाजूला सरकतो.

मात्र हा युक्तिवाद निर्धोक नाही. सर्व काही बदलता येते असे एकदा मान्य केले, की दुरुस्ती आणि बतावणी यांतील सीमारेषा पुसट होते. पुण्याचा लकडी पूल हे याचे बोलके उदाहरण. पानिपतच्या पराभवानंतर, १७६१ साली, मुठेवर बांधल्या गेलेल्या पुलातील लाकूड केव्हाच नाहीसे झाले. त्या जागी दगडी पूल आला. अधिकृत नावही संभाजी पूल असे झाले. लोकांच्या तोंडी मात्र ‘लकडी’ हेच विशेषण राहिले. स्मृती टिकली, हे खरे. परंतु त्या नावावरून कोणत्याही सुताराला मूळ सांधा कसा होता हे कळणार नाही. नाव ही संहिता नव्हे.

मग संहिता कशाला म्हणावे? ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचा दाखला येथे उपयोगी पडतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ती सिद्ध केली. आधीच्या पाठाला उत्तरदायी राहून केलेला बदल आणि आपल्या सोयीने घातलेली भर यांतील भेद पाठचिकित्सेच्या मुळाशी आहे. पुलाची कुजलेली तुळई काढताना तिचे माप, तिची जात, तिचा खाचा यांची नोंद ठेवून तशीच तुळई बसवणे ही पाठशुद्धी होय. लोखंडी सांगाड्यावर शोभेच्या फळ्या चढवणे हे प्रक्षिप्त. काढलेल्या लाकडाचा एखादा तुकडा जपून ठेवला, तर तो पासोडीचे काम करील.

या विवेचनात एक पक्ष अद्याप आलेला नाही: पुलावरून जाणारा माणूस. पासोडी वाचताना कोणाचा जीव धोक्यात येत नाही. सावित्री नदीवरचा महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहनांसह पुरात गेला. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी गर्दीच्या भाराने कोसळला आणि ४ जण दगावले. हे दोन्ही पूल लाकडी नव्हते, पण प्रश्न तोच आहे. जीर्णतेचे सौंदर्य, ज्याला आलोइस रीगल यांनी १९०३ साली ‘वयोमूल्य’ म्हणून स्वतंत्र स्थान दिले, ते दुरून पाहणाऱ्याला लाभते. जोखीम मात्र रोज पलीकडे जाणाऱ्याच्या वाट्याला येते. ज्याला दुसरा रस्ता नाही, त्याच्या जिवावर वारसा जपणे असमर्थनीयच. तरीही पाडकामाच्या बाजूने हा युक्तिवाद सरसकट वापरता येत नाही. अनेकदा आधी देखभाल थांबते, त्यातून धोका उत्पन्न होतो आणि मग त्याच धोक्याचा हवाला देऊन पूल पाडला जातो. लाकडाच्या बाबतीत ही साखळी विशेष वेगाने पुरी होते; एका सांध्यातली ओल काही पावसाळे दुर्लक्षिली, तरी पुरे. अशा वेळी दोष जुनेपणाचा ठरतो. नोंदवही कोरी ठेवणाऱ्याकडे कोणी पाहत नाही.

बीड शहराजवळच्या खजाना बावडीचा विचार याच अंगाने करता येईल. निजामशाहीतल्या या विहिरीचे मर्म नजरेला पडणाऱ्या दगडी घेरात नाही. जमिनीखालून पाणी आणणाऱ्या आणि शेतीकडे नेणाऱ्या नाल्यांत आहे. नाले बुजले तर घेर शाबूत राहील, छायाचित्रही पूर्वीसारखेच येईल. लाकडी पुलाचे तसे होत नाही: वाहतूक बंद करून तो नुसता पाहण्यासाठी ठेवला, तरी पाऊस त्याच्या सांध्यांत उतरतच राहतो, आणि कुजलेली फळी कोणाच्या पायाला लागत नसल्याने ती बदलण्याची निकडही कोणाला वाटत नाही.