रमाबाईंचे ऋण

रणजित देसाई कोवाडचे. बेळगावहून ते गाव फारसे दूर नाही, त्यामुळे सीमाभागातील आम्हां मंडळींना ते घरचेच वाटत. त्यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) थोरल्या माधवरावांना घरोघरी असे आणून बसविले, की रमा-माधवांचे संवाद आम्ही बखरीतले समजून मुलांना सांगत आलो. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९२ साली देसाई गेले.

प्रश्न आहे तो थेऊरचा. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव क्षयाने वारले, वय अवघे सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. इतिहास सांगतो तो एवढाच. त्या माउलीच्या मनात काय होते, ही रिकामी जागा कादंबरीकाराने भरली, आणि इतकी सुंदर भरली की आम्हांला चिता दिसेनाशी झाली. कल्पनेचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. त्यावाचून कादंबरी ती कसली? परंतु जी उत्तर द्यायला उरली नाही, तिच्या मरणाला शोभा आणण्याचा अधिकार त्यात येतो काय? देसाईंना एकट्यांना दोष द्यावा, तर डोळे पुसून पुस्तक मिटणारे आम्हीच होतो.

परवा नातीने विचारले, “आजोबा, त्यांना कोणी अडवले नाही का?” ‘तो काळ वेगळा होता,’ असे काहीसे आम्ही पुटपुटलो. तिचे समाधान झालेले दिसले नाही.