आणलेलं आणि सोडलेलं

केळीच्या बागेला सुट्टी नसते. मृगबाग मार्गी लागते न लागते तोच कांदेबागेची तयारी, मध्ये पिलं काढणं, खतं, ठिबकच्या नळ्या, कापणी. मे महिन्यात ऊन चढलं की पानं करपतात आणि जूनच्या तोंडावर वादळ सुटलं तर उभी बाग आडवी होते. सावदा आणि रावेरच्या स्टेशनांवरून केळीचे वॅगन वर्षानुवर्षं दिल्लीला गेले, पण ती पिकवणारा मागेच राहिला. मुलगा हाताशी येऊन बाग सांभाळू लागला, की मग कुठे आईवडील काशीचं तिकीट काढतात. भुसावळला गाडीत बसायचं, तापीचा पूल ओलांडायचा आणि थोड्याच वेळात खिडकीतून आपलंच सावदा स्टेशन मागे जाताना पाहायचं. पुढे बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी.

ते परत आले आहेत असं समजा. अंघोळी झाल्या आहेत, चहा झाला आहे, आई पिशवी पुढ्यात घेऊन बसली आहे. तुम्हीही बसा. फोन आतल्या खोलीत ठेवून या.

आधी नुसतं ऐका. "हे सूनबाईले. हे दोघी नातींले. हे गल्लीतल्या आजीले, तिले आता चालवत नही." कुंकवाच्या पुड्या, रुद्राक्षाची माळ, बनारसची लाकडी रंगीत खेळणी, काळभैरवाचे काळे गंडे. यातला एक गंडा उचला. साधा काळा दोरा आहे, वजन जाणवतही नाही. आता डोळे मिटा आणि आई दुकानासमोर उभी आहे असं पाहा. काळभैरवाच्या अरुंद गल्लीत मागून रेटा येतो आहे, यात्रा कंपनीचा माणूस "चला, चला" म्हणतो आहे आणि ती बोटांवर मनगटं मोजते आहे. कोणाचं पोर रात्री दचकून उठतं, कोणाच्या मुलाची नोकरी लागत नाही, कोण नवं बाळंत झालं आहे. तेवढ्या गर्दीत, परक्या मुलखात, तिला अख्खी गल्ली आठवली. गंडा बांधा किंवा बांधू नका, तो तुमच्या श्रद्धेचा प्रश्न. पण त्या मोजणीत तुमचं मनगट होतं, हे क्षणभर मनात राहू द्या.

आता तांब्याचा गडू घ्या. तो लहानच असतो, पण हाताला जड लागतो. झाकण डाख देऊन पक्कं बंद केलेलं असतं आणि जोडावर डाखाचा पांढरट, खडबडीत ओघळ दिसतो. त्यावरून अंगठा फिरवा. हा प्रवासात तिच्या लुगड्याच्या घडीत गुंडाळलेला होता, बर्थवर उशाशी होता. बहुतेक घरांत असे दोन गडू येतात. एक यात्रेनंतरच्या मावंद्याच्या दिवशी पूजा करून फोडतात आणि पळीपळीनं सगळ्यांना तीर्थ मिळतं. दुसरा देवघरात जातो. तो कधी फोडायचा हे घरात कोणी बोलत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं. आपल्या अखेरच्या वेळी तोंडात घालायचं पाणी तिनं स्वतः विकत घेतलं, स्वतः वाहून आणलं, देवांच्या मागे नीट ठेवलं आणि मग पोळ्यांची कणीक भिजवायला गेली. इथे घाईनं पुढे जाऊ नका. मला तरी यात भीती दिसत नाही, नीटनेटकेपणा दिसतो.

आपल्याकडे गंगेचं पाणी वाहून आणण्याची जुनी रीत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली मथुरेत बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाला दक्षिणेच्या आशेनं निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीची धूळधाण त्यांनी डोळ्यांनी पाहिली. तरी घरी परतताना त्यांनी गंगेची कावड आणली आणि आईवडिलांना त्या पाण्यानं स्नान घातलं. त्यांचं 'माझा प्रवास' 1907 साली छापलं गेलं. एकनाथांची गोष्ट तर प्रत्येक मराठी पोरानं ऐकलेली असते: रामेश्वरासाठी नेत असलेली कावड त्यांनी तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिती केली. वाहून आणलेलं पाणी शेवटी कोणाच्या तरी तोंडी लागायचं असतं, मग ते रामेश्वर असो, गाढव असो की आपली आई.

पिशवी रिकामी झाली. पण बसून राहा, कारण काशीला माणूस काही सोडूनही येतो. आवडीचं एखादं फळ, एखादी भाजी तिथं सोडायची, पुन्हा जन्मात खायची नाही. काही जण न आवडणारं सोडून मोकळे होतात. आमच्या भागातल्या एखाद्या आईनं वांगं सोडलं, तर त्याचा अर्थ बाहेरच्याला सहज कळायचा नाही. हिवाळ्यात इथं मळ्यामळ्यात भरीताच्या पार्ट्या असतात. बामणोदची मोठी हिरवी वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायची, वर हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा, भरपूर तेल, कांद्याची पात, शेंगदाणे. चातुर्मासभर वांगं वर्ज्य असतं, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि मग घरोघर त्याचाच धूर. त्या धुरात ती बसते. वांगी तीच सोलते, बोटं पोळून घेते. मिठाचा अंदाज सांगते तो वासावरून. पानात मात्र कळण्याची भाकरी आणि दही घेते.

गंडे सहा महिन्यांत विरतात, कुंकू संपतं, खेळण्यांची चाकं निखळतात. हे सोडणं दर हिवाळ्याला नव्यानं पाळावं लागतं. कोणासाठी सोडलं, हे ती सांगत नाही. तुमच्या परीक्षेसाठी, वडिलांच्या दुखण्यासाठी, की कशासाठीच नाही, नुसतं गंगेला काही द्यावं म्हणून?

तुमचे आईवडील काशीला जाऊन आले असतील, तर आज रात्री जेवणं उरकल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तिथं काय सोडलं. सांगायचं नसेल तर आग्रह नको. सांगितलं, तर लक्षात ठेवा. आणि पुढच्या चंपाषष्ठीला "एका घासानं काय होतं?" असं म्हणून त्यांच्या ताटात ते वाढू नका.