हळदीचं पाणी

पवईत तुंगा गावाच्या बाजूला माझ्या भाच्याचं गॅरेज आहे. भाताची लावणी उरकली की मी कर्जतहून चार दिवस तिकडे जातो. इंजिनातलं मला फार कळत नाही, पण पाणी कुठून जातंय हे शोधायचं काम शेतकऱ्याला नवं नाही. बांधाला पाणी पाझरतं एका जागी आणि खेकड्याचं बीळ असतं हातभर लांब. बाहेरून चिखल थापला तर रात्रभर टिकतो. बीळ आतल्या अंगानेच खणून बुजवावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात तिथे एक 1974 ची प्रीमियर पद्मिनी आली. ही गाडी इथून जवळच, कुर्ल्याला बनायची. टॅक्सीवाल्या पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाल्या. पन्नाशी ओलांडलेली खाजगी गाडी मात्र आता सरकारी नियमाने विंटेज ठरते, आणि भाव खाते. हिच्या रेडिएटरमधलं पाणी रोज कमी व्हायचं. मालकाला गाडी विकायची होती. तो भाच्याला म्हणाला, "दोन चमचे हळद टाक. गिऱ्हाईक बघून जाईपर्यंत थांबलं म्हणजे झालं."

हळदीचा इलाज खोटा नाही. घाटात गाडी अडली की ड्रायव्हर लोक तोच करतात. भुकटी पाण्याबरोबर फिरते, बारीक चिरेत जाऊन बसते, गाडी गावापर्यंत पोचते. पण तीच भुकटी रेडिएटरच्या नळ्यांतही बसते. नळ्या तुंबल्या की पाणी निवत नाही, इंजिन तापतं, हेड वाकतं, गॅस्केट जातं. पाणी ऑइलमध्ये शिरलं की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात उभी असते.

पुडी तीच, मग घाटातली हळद चालते आणि ही का चालू नये? भाचा आधी म्हणाला, "मामा, विकणारा तो, घेणारा तिसराच. मी मजुरीचा धनी." बैलबाजारातही लोक असंच म्हणतात, घेणाऱ्याने दात बघून घ्यावेत. कबूल. पण दात दिसतात तरी. आणि आमच्याकडे बैल मारका असला तर खोड सांगून विकायची रीत होती, भाव पडला तरी. इथे हळद घालायची ती खोड दिसू नये म्हणूनच. ती घालणारा हात भाच्याचा. वरच्याने बांध फोडला की खालच्याचं रोप वाहून जातं, मग त्याची ओळख असो नसो.

हे मी त्याला एवढं लांबण लावून नाही सांगितलं. बैलाचं तेवढं बोललो. त्याने थोडा विचार केला आणि मालकाला फोन लावला. रेडिएटर उतरवून डाग देतो म्हणाला, नाहीतर हळद घालतो, पण बिलावर तसं लिहीन.

मालक तासाभराने आला, दोन बाटल्या पाणी ओतलं आणि गाडी घेऊन गेला. पुढच्या गल्लीत दुसरं गॅरेज आहेच.

रात्री भाचेसून ताट वाढताना म्हणाली, "मामा, पाच तारखेला गाळ्याचं भाडं आहे. ते बैलाच्या दातांनी भरायचं का?" मी मान खाली घालून जेवलो. तिचंही चुकत नव्हतं.