दांडा पडला आणि तू हसलास

घोडा साईसाच्या हाती दे आणि इकडे ये. नाही, आधी खाली वाक. त्याच्या पुढच्या उजव्या पायाची नळी बघ. दांड्याचा लाल रंग केसांत बसलाय आणि बोटभर कातडं सोललंय. हात लाव, गरम लागतंय ना? तासभर तू त्याला एक मीटर दहाच्या उड्यांवर हाकतोयस. दर फेरीला दांडा खाली येतोय आणि तू त्याच्या मानेवर थाप मारून हसतोयस, 'सर, बघा, कशालाच भीत नाही!'

भीत नाही, ते मलाही दिसतं. पाच वर्षांचा, रेसकोर्सवरून आलेला थरोब्रेड. अडथळा दिसला की कान टवकारतो, माघार त्याला ठाऊकच नाही. असा घोडा नशिबाने मिळतो, आणि म्हणूनच तुझी जबाबदारी दुप्पट आहे. भित्र्या घोड्याचा पाय दांड्याला एकदा लागला की पुढच्या वेळी तो हातभर वरून जातो. या गड्याला लागलं तरी त्याचं काहीच वाटत नाही. मग याला सांभाळून उडी मारायला शिकवायचं कोणी? तू. आणि तू आज त्याला काय शिकवलंस? दांडा पाडला तरी शाबासकी मिळते.

स्पर्धेत दांडा पडला की ४ फॉल्ट, तो हिशेब बाजूला ठेव. रिंगमधला दांडा उथळ कपात ठेवलेला असतो, धक्का लागला की पडतो, म्हणून आज तू धडधाकट उभा आहेस. तुला इव्हेंटिंग करायचंय ना? क्रॉसकंट्रीतला ओंडका पडत नाही. घोड्याचे पुढचे पाय गुडघ्याच्या वर त्यात अडकले की मागचं धड उचललं जातं आणि पाचशे किलोचं जनावर कोलांटी घेऊन स्वाराच्या अंगावर येतं. या खेळात स्वार असे गेले आहेत, घोडेही गेले आहेत. आता हस.

तो दांडे का पाडतो ते ऐक. रेसकोर्सवर कोवळ्या वयापासून त्याला एकच शिकवलं, अंग लांब कर आणि पळ. तू त्याला त्याच वेगाने उडीवर आणतोस. मग तो कधी फार लांबून उडतो, कधी पार बुडाशी घुसतो. बुडाशी घुसल्यावर गुडघे वर घ्यायला जागा कुठे राहते? शिवाय घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, नाकासमोरचं त्याला दिसत नाही. उडी घेताना दांडा त्याच्या नजरेआड गेलेला असतो. अंदाज त्याने येता येता बांधायचा असतो आणि त्यासाठी त्याला मान मोकळी हवी, थोडी उसंत हवी. तू शेवटच्या तीन पावलांत लगाम खेचतोस आणि मग एकदम टाच मारतोस. त्याने बघायचं कधी? वर तो हवेत असतानाच तू खोगिरात आपटतोस. मागचे पाय दांड्यावर येतात ते तुझ्यामुळे.

फेदेरिको काप्रिल्लीचं नाव मी तुला वहीत लिहून दिलं होतं. इटलीच्या घोडदळातला अधिकारी, १९०७ साली गेला. त्याच्या आधीचे स्वार उडीवर मागे रेलून लगामाला लोंबकळायचे. त्याने त्यांना पुढे झुकायला शिकवलं, हात सैल सोडायला शिकवलं, म्हणजे घोडा आपलं काम मोकळेपणी करेल. शंभर वर्षं उलटली आणि माझा विद्यार्थी अजून लगामाला लोंबकळतोय!

आणखी एक. दोन बाजूंनी दांडा धरायचा आणि घोडा वर आला की त्याच्या पायांवर हाणायचा, ही अक्कल तुला काल तबेल्यात कोणी दिली ते मला कळलंय. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाची त्यावर बंदी आहे. बंदी नसती तरी माझ्या रिंगमध्ये ते चाललं नसतं. हा घोडा तू दाखवशील त्यावर डोळे मिटून जातो. तो विश्वास एकदा मोडलास की पुन्हा मिळणार नाही.

उद्यापासून तीन दिवस उडी नाही, खोगीरही नाही. नुसता हातात धरून फिरव. चौथ्या दिवशी ट्रॉटमध्ये जमिनीवरचे चार दांडे, साडेचार फुटांच्या अंतराने, लगाम लांब. ते शांतपणे जमलं की फुलीसारख्या दोन दांड्यांचा छोटा क्रॉस, आणि त्याच्याआधी ८ फुटांवर जमिनीवर एक दांडा. उडी कुठून घ्यायची ते तो दांडा सांगेल, तू मध्ये पडू नकोस. क्रॉसपासून १८ फुटांवर अडीच फुटांचा ऑक्सर, म्हणजे एकामागे एक दोन दांड्यांची रुंद उडी. त्याच्या पुढच्या दांड्यावर दोन दांडे तिरके टेकव, म्हणजे घोडा मधोमध येईल आणि गुडघे आवळेल. उतरल्यावर सरळ रेषेत थांबव, बैठकीने आणि आवाजाने. घाई करायला लागला तर वर्तुळावर घे. दांडा पडला तर मार नाही, ओरडा नाही आणि थापही नाही. उडी तीच, तशीच, पुन्हा. पाय दुमडून स्वच्छ गेला की त्याच क्षणी शाबासकी आणि काम बंद.

कंटाळवाणं वाटतंय? बर्टालन दे नेमेथीने १९५५ ते १९८० अमेरिकेचा संघ अशाच दांड्यांच्या ओळींवर घडवला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जो फार्गिसच्या 'टच ऑफ क्लास' या घोडीने ९१ पैकी ९० उड्या साफ घेतल्या आणि दोन सुवर्णपदकं नेली. तीही रेसकोर्सवरून आलेली थरोब्रेडच होती. तेव्हा घोड्याच्या जातीवर खापर फोडू नकोस.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं तुझं चाललंय. घोड्याच्या पाठीचे मणके सगळ्यांत शेवटी पक्के होतात, साधारण सहाव्या वर्षापर्यंत. तेवढं थांबायला तुझं काय जातं? आता जा, बर्फ आण आणि ती नळी स्वतः शेक, साईसाला सांगू नकोस. आणि मी सांगण्याआधी तुझा दांडा तीन फुटांच्या वर चढलेला दिसला, तर हा घोडा दुसऱ्याच्या हाती जाईल.