प्रेक्षक की दर्शनार्थी?

आमच्या देवस्थानच्या महाद्वारापाशी एक लहानशी पाटी आहे. प्रवेश केवळ दर्शनार्थींना आहे, पर्यटकांनी प्राकारातूनच पाहून परतावे, असे तीवर तीन भाषांत लिहिले आहे. महाजनांच्या ज्या सभेत ही पाटी लावण्याचे ठरले, त्या सभेत हात वर करणाऱ्यांत मी होतो; एवढेच नव्हे, तर मजकुराचा मसुदाही माझाच. पर्यटक अर्ध्या वस्त्रांनिशी येतात, आरती चालू असता कॅमेरे रोखतात, पाठ देवाकडे करून हसत उभे राहतात, या तक्रारी खऱ्याच होत्या. परंतु त्या सभेत मी जे भाषण केले, ते कपड्यांविषयी वा कॅमेऱ्यांविषयी नव्हते. ज्याच्या मनात भाव नाही त्याची नजरही देवालयात नको, असे मी म्हणालो होतो. श्रद्धेवाचून पाहणे म्हणजे एक प्रकारचे चोरणेच होय, हे माझे वाक्य पुष्कळांना आवडले. मलाही आवडले होते.

त्यानंतर दीड वर्षाने मी स्वतःच एकवीस दिवसांच्या मार्गदर्शित सहलीने मिसर देशात गेलो. मुलाने हौसेने पैसे भरले होते. नाही म्हणणे शक्य नव्हते. आणि कर्नाकच्या अमून-मंदिरात, १३४ प्रचंड स्तंभांच्या त्या मंडपाच्या उंबऱ्याशी, मी सवयीने वाकून पायांतील बूट काढू लागलो. आमचा मार्गदर्शक धावत आला. जमीन तापली आहे, खडेही आहेत, इथे कोणी पादत्राणे काढीत नाही, असे त्याने सांगितले. मी बूट पुन्हा चढविले. त्या क्षणी मनात जो प्रश्न आला, त्याने उरलेले वीस दिवस माझी पाठ सोडली नाही. या देवालयात मी कोण? दर्शनार्थी मी नव्हतो. अमूनवर माझी श्रद्धा नाही. म्हणजे माझ्याच मसुद्याप्रमाणे मला बाहेर उभे राहणे प्राप्त होते.

प्राचीन मिसरी देवालयात काय चालत असे हे जो ऐकेल, त्या आपल्याकडील माणसाला ते परके वाटणे कठीण आहे. पहाटे पुजारी गर्भगृहाच्या दाराची मातीची मुद्रा फोडी, देवापुढे लोटांगण घाली, स्तोत्रे म्हणे. मग देवाला स्नान, सुगंधी तैलाचे लेपन, वस्त्रे, अलंकार आणि नैवेद्य. तो नैवेद्य देवापुढून निघाला की पुजाऱ्यांत व सेवकवर्गात वाटला जाई. शेवटी बाहेर पडताना पुजारी स्वतःची पावलेही झाडून पुसून टाकी आणि दार पुन्हा मुद्रित करी. सामान्य जनांना गर्भगृह दिसत नसे. ते उत्सवाच्या दिवशी, जेव्हा देवाची नौका खांद्यांवर घेऊन मिरवीत, तेव्हा तिच्या वाटेवर उभे राहत. यावरून सारे जगच मूळचे आमचे होते, असा निष्कर्ष काढणारे विद्वान आपल्यात थोडे नाहीत; मला तो खटाटोप पटत नाही. दोन घरांत चूल सारखी असली म्हणून ती दोन्ही घरे एकाच कुळाची होत नाहीत. परंतु चूल ओळखू येते, एवढे मात्र खरे.

सहलीची रीत मात्र आमच्या पाटीला पोषक अशीच होती. पिवळे निशाण उंच धरलेला मार्गदर्शक पुढे, त्रेचाळीस माणसे मागे, एका देवालयाला पन्नास मिनिटे, त्यांपैकी पंधरा छायाचित्रांसाठी. कैरोतील ज्या संग्रहालयात २०२१ च्या एप्रिलमध्ये बावीस राजा-राण्यांचे देह मिरवणुकीने नेऊन ठेवले, तिथे छायाचित्रे घेण्यास मनाई असल्यामुळे मंडळी गप्प झाली. देवळांत न आढळलेली शांतता प्रेतांपुढे आढळली. मी त्या दालनात थोडाच वेळ थांबलो. कोणाचाही मृतदेह तिकीट काढून पाहण्याचा अधिकार मला कोणी दिला, या प्रश्नाचे उत्तर मला सापडले नाही. ते मिसरी लोकांनीच ठरवावे.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही मत्रूहच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे वळून सुमारे तीनशे किलोमीटर वाळवंट ओलांडले आणि सिवाच्या हिरव्या खोलगटीत उतरलो. तिथे अघुर्मीच्या खडकावर अमूनचे जे देवालय आहे, ते इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातले. अमूनचा कौल मागण्यासाठी लोक तिथे येत. मिसरात देवाला प्रश्न घालण्याची एक पद्धत अशी होती, की खांद्यावरची देवनौका पुढे झुकली तर होकार आणि मागे हटली तर नकार. आपल्याकडे देवाला पाकळ्या लावून, उजवी पडते की डावी हे श्वास रोखून पाहणाऱ्या भाविकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. सिकंदर इ. स. पू. ३३१ मध्ये हेच वाळवंट तुडवीत इथवर आला. त्याने काय विचारले आणि उत्तर काय मिळाले, यांविषयी नंतरच्या ग्रंथकारांनी पुष्कळ लिहिले. पण गाभाऱ्यात तो एकटाच गेला होता.

त्या खडकावर उभा असता दर्शन आणि पाहणे यांतील भेद मला प्रथमच नीटसा मांडता आला, असे वाटले. दर्शनाला जाणाऱ्याजवळ प्रश्न असतो, गाऱ्हाणे असते. तो पाहतो त्याहून अधिक तो स्वतः पाहिला जातो. प्रेक्षकाला कोणी पाहावे अशी त्याची इच्छाच नसते. तो कशालाही उत्तरदायी नसतो. हा विचार मला इतका समाधानकारक वाटला की मी तो रात्री वहीत उतरून ठेवला. सकाळी मात्र तो तेवढा भक्कम वाटेना. आपल्या यात्रा-मंडळांच्या गाड्या मला आठवल्या. बारा दिवसांत सात क्षेत्रे, रांगेत धक्काबुक्की, देवापुढे दोन क्षण, आणि घरी आल्यावर दर्शनापेक्षा वाटेतल्या जेवणाच्या गोष्टी अधिक. मी स्वतः अशा दोन यात्रा केल्या आहेत. एकदा तर देवापुढे उभा असताना माझे सारे लक्ष बाहेर काढून ठेवलेल्या नव्या चपलांकडे होते. त्या वेळी मला कोणी अडविले नाही, कारण माझे नाव, गोत्र आणि धोतर यथास्थित होते.

यानंतर मी एडफूला पोहोचलो, आणि माझ्या भाषणाचा उरलासुरला आधारही तिथेच गेला.

एडफूचे होरसचे देवालय इ. स. पू. २३७ मध्ये बांधावयास घेतले आणि ते पुरे व्हायला १८० वर्षे लागली. पुढे पूजा थांबली, वाळू साचत गेली, लोकांनी त्याच्या छपरावर घरे बांधली. एकोणिसाव्या शतकात मारिएत या फ्रेंच संशोधकाने ते मोकळे केले. ज्या वाळवंटाला आपण विध्वंसक समजतो त्यानेच हे देवालय इतके अभंग राखले. गर्भगृहात एकसंध पाषाणाचा देव्हारा उभा आहे. तो देवालयाहूनही जुना आहे. त्यात देव नाही. आमच्यातील एक बाई त्या रिकाम्या चौकटीत डोके घालून छायाचित्र काढवून घेत होत्या, आणि माझ्या तोंडून 'अहो, असे नको' असे निघून गेले. त्या ओशाळल्या. मीही ओशाळलो, कारण मी कोणाच्या वतीने बोललो होतो?

मग मार्गदर्शकाने दाराच्या चौकटीवरील लेखांविषयी सांगितले. त्यांत आत येणाऱ्यांना ताकीद दिली आहे. अशुद्ध स्थितीत येऊ नका, देवाच्या घरात खोटे बोलू नका, लोभ धरू नका, देवाच्या ठेव्यातून काही घेऊ नका, अशा आशयाची ती आज्ञा आहे. आणि ती कोणाला उद्देशून आहे? परक्यांना नव्हे. ती आहे पुजाऱ्यांना. ज्यांना आत जाण्याचा अधिकार आहे त्यांनाच. देवालयाचे पावित्र्य बाहेरून येणाऱ्याच्या पावलांनी जितके बिघडेल, त्याहून आत वावरणाऱ्याच्या लोभाने अधिक बिघडेल, अशी त्या दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या लोकांची समजूत दिसते. आमच्या पाटीचे तोंड रस्त्याकडे आहे. तिच्या मागच्या बाजूला, म्हणजे आम्हा महाजनांच्या डोळ्यांना जी दिसते त्या बाजूला, काहीच लिहिलेले नाही.

या मार्गदर्शकाविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. तो धर्मनिष्ठ मुसलमान होता. वेळ झाली की बसच्या आडोशाला नमाज पढत असे. या मूर्ती त्याच्या दृष्टीने देव असणे शक्यच नव्हते. तरीही कोणी भिंतीला हात लावला की तो कळवळून हाक मारी. घामाने रंग जातो, असे दहादा सांगे. मी त्याला विचारले की तुझा यांवर विश्वास नाही, मग इतका जीव का? तो म्हणाला, ज्यांचा होता त्यांनी हे माझ्या गावात ठेवले आहे. श्रद्धेवाचूनही सांभाळणे असू शकते, ही शक्यता माझ्या भाषणात कुठेच नव्हती. लक्सरच्या देवालयात तर एका मुसलमान संताची मशीद आहे. त्याच्या उत्सवात आजही नौका मिरवितात. जुन्या ओपेत उत्सवात अमूनची नौका कर्नाकहून याच देवालयात येई. तिचीच ही आठवण असावी, असे पुष्कळांना वाटते. नौकारोहण पाहत वाढलेल्या गोमंतकीयाला ते ऐकून बरे वाटावे, यात नवल नाही.

फिली बेटावरील इसिसच्या देवालयात ही परंपरा सर्वांत शेवटी मावळली. चित्रलिपीतील ज्ञात असा अखेरचा लेख तिथलाच, त्यावर इ. स. ३९४ च्या २४ ऑगस्टची तिथी आहे. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावरही दक्षिणेकडील जमातींनी पाचव्या शतकात तहात एक अट मान्य करून घेतली होती. नदी ओलांडून देवीच्या दर्शनाला यावयाचे आणि काही काळ तिची मूर्ती आपल्या देशी नेऊन परत आणावयाची, ही ती अट. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या आज्ञेने ते देवालय बंद झाले. पुढे त्याच मंडपात चर्च झाले. भिंतीवर कोरलेले क्रूस आणि छिन्नीने उडविलेले देवांचे चेहरे तिथे शेजारीशेजारी आहेत. तिथे मला राहून राहून सासष्टीतून रात्री पालख्या उचलून नदीपार गेलेले पूर्वज आठवत होते. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. आपल्या देवांना नेणारे खांदे मिळाले. इसिसला अखेरीस ते मिळाले नाहीत. एवढाच काय तो फरक, आणि तो आमच्या पुण्याईचा म्हणावा की योगायोगाचा, हे मला ठरविता आले नाही.

अखेरचा मुक्काम अबू सिंबेल. आस्वानहून सुमारे २८० किलोमीटर निव्वळ वाळवंट. दुसऱ्या रामसेसने डोंगरात खोदविलेली दोन देवालये नव्या धरणाच्या पाण्यात बुडणार होती. युनेस्कोच्या हाकेला अनेक राष्ट्रे धावली, आणि १९६४ ते १९६८ या काळात ती देवालये हजारांहून अधिक तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जुळविली गेली. नूबियातील उत्खननासाठी आपल्याकडूनही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक गेले होते. हे सारे थोरच कार्य. परंतु त्याच पाण्याने मिसरमधील सुमारे पन्नास हजार नूबियन लोकांना त्यांच्या गावांतून उठविले. त्यांची घरे, खजुरीची बने, पूर्वजांच्या कबरी यांना उंचावर नेण्यासाठी कोणी वर्गणी काढली नाही. देव निघून गेलेल्या देवळांना जागा मिळाली; माणसे राहत असलेल्या गावांना मिळाली नाही.

आपल्या कुर्डीची गोष्ट याहून फार वेगळी नाही. साळावलीच्या धरणाने ते गाव बुडविले. तेथील प्राचीन महादेव-मंदिराचा एकेक चिरा काढून ते धरणाजवळ पुन्हा उभारले गेले, आणि आज तिथे पर्यटक जातात. कुर्डीकर मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरले की चिखलातल्या जोत्यांवर परत येतात आणि आपल्या सोमेश्वराचा उत्सव करतात. त्या दिवशी तिथे कॅमेरे घेऊन येणारेही पुष्कळ असतात. त्यांतला प्रेक्षक कोण आणि दर्शनार्थी कोण, हे दारावर उभे राहून कसे ओळखावे? तिथे तर दारही नाही.

परतल्यावर मी देवस्थानच्या समितीकडे एक अर्ज दिला. पाटी काढून तिच्या जागी अंग झाकावे, मौन राखावे, छायाचित्रे घेऊ नयेत, एवढीच विनंती असावी. आणि दुसरी एक पाटी आतल्या बाजूस, आमच्यासाठी लावावी. दुसऱ्या पाटीचा मजकूर वाचून काही सभासद रागावले, ते मला अपेक्षित होते. खजिनदार मात्र रागावले नाहीत. वयाने ते माझ्याहून वडील. त्यांच्या पणज्यांनी याच देवळात दिवा लावण्याची सेवा केली. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही जिथे जिथे गेलात, तिथला देव अगोदरच गेलेला होता. आमचा अजून आत आहे. रिकाम्या घरात परका शिरला तर घराचे काय जाते? पण घरात माणूस जेवायला बसलेला असताना?"

त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. देव आत आहे म्हणून परक्याला थांबवावे, की देव आत आहे म्हणूनच परक्याला येऊ द्यावे, या दोहोंची मांडणी मी तेव्हापासून अनेकदा करून पाहिली. पहिलीत मला आमचे भय दिसते. दुसरीत माझा स्वतःचा प्रवास निर्दोष ठरविण्याची घाई दिसते. सभा नवरात्रानंतर आहे. खजिनदारांनी अर्जावर 'चर्चेसाठी' असा शेरा मारला आहे, आणि आतल्या बाजूच्या पाटीचा खर्च आपण स्वतः देऊ, असे खाली पेन्सिलीने लिहिले आहे.