वाकडं तोंड आणि कर्माचा हिशेब

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कडेने गळू लागतं, एक डोळा मिटत नाही, आरशात अर्धा चेहरा हसतो आणि अर्धा ढिम्म राहतो. ठाणे-डोंबिवलीत अशा वेळी लोकलच्या दारातल्या गार वाऱ्याला दोष द्यायचा आणि ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणायचं, हे सोपं असतं. त्यामागोमाग हलक्या आवाजात ‘भोग’ हा शब्दही येतो. वाऱ्याला दोष दिला तर माणूस रोगी ठरतो. भोग म्हटलं की तोच माणूस आरोपी होतो. वाकड्या झालेल्या चेहऱ्यावर पूर्वपापाचा पुरावा वाचायला धर्मात खरंच आधार आहे का? माझ्या मते नाही, आणि कर्मसिद्धान्त पूर्ण मान्य केला तरीही नाही.

मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी सातवी जोडी चेहरा हलवते. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाताना हा तंतू सुजला की तिथेच दाबला जातो. अनेकदा त्यामागे जुन्या विषाणूने पुन्हा उचल खाल्ल्याचा संशय असतो. सर चार्ल्स बेल यांच्या नावाने ओळखला जाणारा हा लकवा दरवर्षी लाखातल्या साधारण वीस-तीस जणांना गाठतो. त्यात साधूही असतात आणि लबाडही. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतो, आणि पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू झाल्यास ती शक्यता वाढते. आपली जुनी वैद्यकीही इथे पापापाशी थांबलेली नाही. सुश्रुतसंहितेचं निदानस्थान या रोगाला ‘अर्दित’ म्हणतं आणि मोठ्याने बोलणं, कठीण पदार्थ चावणं, जांभई, ओझं, वेडंवाकडं झोपणं अशी कारणं देतं. आजच्या ज्ञानापुढे ही यादी टिकत नाही. पण त्वचारोगांच्या संदर्भात पूर्वकर्माचा उल्लेख करणारा हाच ग्रंथ अर्दिताच्या कारणांत ते धरत नाही, हे महत्त्वाचं.

यावर कर्मवादी म्हणेल, सूज कशी आली ते कळलं, पण ती याच माणसाला का आली? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचं उत्तर शेजाऱ्याच्या हातात नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्माची गती कळायला कठीण मानली आहे. जी गती जाणत्यांनाही उलगडत नाही, ती गालाच्या उतारावरून ओळखणं हा धर्म नव्हे, अहंकार आहे. सगळं आधीच ठरलेलं असतं तर औषधोपचाराला अर्थच उरला नसता, असा युक्तिवाद चरकसंहितेने विमानस्थानात केला आहे आणि दैवाच्या जोडीला पुरुषार्थ ठेवला आहे. एखाद्या रोग्याला स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणून धीर येत असेल, तर ती त्याची श्रद्धा. तोच शब्द दुसऱ्याने त्याच्यासाठी वापरला की निवाडा होतो, आणि त्यात औषधाचे मोलाचे तीन दिवस निघून जातात.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: चेहरा म्हणजे मनाचा आरसा, मग आरसा तडकला तर मन दिसणार कसं? हसू हरवणं ही खरी हानी आहे. देह नश्वर आहे असं सांगून ती झटकता येत नाही. पण जन्मापासून चेहऱ्याचे हे तंतू दुबळे असलेली माणसंही आनंद आणि राग पुरेपूर अनुभवतात, आवाजातून आणि हातवाऱ्यांतून ते पोहोचवतात. येवल्यात जन्मलेल्या अभिनेत्री ललिता पवार यांना १९४२मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने चेहऱ्याचा लकवा झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका गेल्या. पुढे खाष्ट सासू आणि मंथरा म्हणून प्रेक्षकांनी तो डोळा दुष्ट मानला. त्याच डोळ्यानिशी त्यांनी १९५९च्या ‘अनाडी’त मायाळू मिसेस डिसा उभी केली आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. डोळा तोच होता, पाहणाऱ्यांनी त्याला दिलेला अर्थ तेवढा बदलला. डोंबिवलीच्या गणेश मंदिरात ज्याच्यापुढे आपण हात जोडतो, त्याचं एक नाव वक्रतुंड आहे; ठाण्याच्या कौपिनेश्वराच्या पिंडीला तर चेहराच नाही. देवाच्या बाबतीत आपण चेहऱ्यापलीकडे पाहायला शिकलो आहोत. चूळ भरताना ज्याचं पाणी गळतं, त्याच्या वाट्याला तेवढीच नजर यावी, आणि ‘भोग’ म्हणण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्यावं.