साडूंचा रथ

साडू या नात्याला कायद्याने अधिकार काही नाहीत, कर्तव्यं मात्र दोन आहेत. पहिलं, दुसऱ्या साडूने काही नवं केलं की ते बघायला जाणे; आणि दुसरं, ते बघून गप्प बसणे. पहिलं कर्तव्य मी नेहमी चोख पार पाडतो. दुसऱ्यात चुकतो. परवा असाच चुकलो आणि मोटारीच्या रेडिओवरून निघालो तो थेट आत्म्याच्या प्रश्नापर्यंत जाऊन पोचलो.

आमचे साडू भाऊसाहेब यांच्याकडे मर्सिडीज आहे. हे वाक्य वाचून आपल्या डोळ्यांपुढे जे काही उभं राहिलं असेल त्याला कृपा करून खाली बसवा. गाडी १९७२ सालची आहे, २२० डी. यातला 'डी' डिझेलचा. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात साठ घोड्यांची ताकद होती. त्यातले दहाबारा घोडे मधल्या पन्नास वर्षांत पेन्शनीत निघाले असावेत. मुळात ती मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीची. परदेशी गाडी मागवणं हे साध्या माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं अशा त्या काळात वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. भाऊसाहेबांच्या डॉक्टर वडिलांनी १९७८ साली ती तशी घेतली आणि पुण्याला आणली. तेव्हा म्हणे गल्लीतली पोरं तिच्या नाकावरच्या तारेला हात लावायला रांग लावत.

ती चालू करणं हा एक विधी आहे. एक खुंटी ओढून धरायची आणि डॅशबोर्डवरची बारीक तार लाल होईपर्यंत थांबायचं. तार लाल झाली की खुंटी आणखी ओढायची. मग गाडीला आधी खोकला येतो आणि नंतर जाग. भाऊसाहेबांचे वडील तेवढ्यात गणपतीचं नाव घेत. भाऊसाहेब घड्याळ बघतात. एका पिढीत एवढा फरक पडायचाच.

तर या भाऊसाहेबांनी परवा चहा पिता पिता जाहीर केलं, "गाडीत स्टिरिओ बसवतोय. मोठ्या पडद्याचा. रस्ता दाखवणारा."

मी म्हणालो, "कशाला? पुण्यातले रस्ते तुम्हाला कोण दाखवणार?"

यावर भाऊसाहेब गप्प झाले. ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, बशीत चहा ओतता ओतता सांगितलं, "अहो, परवा चांदणी चौकात हरवले ना हे."

चांदणी चौकातले नवे पूल २०२३ साली खुले झाले. एकाला एक फाटे आहेत. पाट्याही आहेत, पण सत्तरीच्या डोळ्यांनी पाटी वाचून होईपर्यंत फाटा मागे गेलेला असतो. भाऊसाहेब कोथरूडला जायला म्हणून वर चढले ते हिंजवडीच्या दिशेला लागले. त्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि मी हसलोही. पण भाऊसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं या गावात गाडी चालवतोय. त्या दिवशी बाजूला थांबलो आणि मला क्षणभर कळेना, मी कुठे आहे. रस्ता नवा आहे म्हणून कळत नाही, की मीच..." पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं.

आता गंमत बघा. सगळं गाव बदललं, माणूस बदलला, आणि बदलली नाही ती एकटी ही गाडी. बदललेल्या गावात टिकायचं तर तिलाच बदलायची पाळी आली. नाना पेठेतले एक मिस्त्री येऊन खडूने डॅशबोर्डवर चौकोन आखून गेले होते. आजच्या एकेरी मापाच्या स्टिरिओचं तोंड १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असतं. मोठ्या पडद्याला उंची त्याच्या दुप्पट लागते. जुन्या रेडिओची जागा अर्थातच तेवढी नाही. "साहेब, एवढं कापावं लागेल," असं मिस्त्री म्हणाले, ते डॉक्टर पाय कापायचा सांगतात त्या आवाजात. आणि फी मात्र नखं कापण्याची सांगितली.

ताईंचा या शस्त्रक्रियेला ठाम विरोध होता. कारण रेडिओ माईंचा.

माई म्हणजे भाऊसाहेबांच्या मातोश्री. १९९४ साली त्या गेल्या. ताईंचं आणि माईंचं हयातीत फार सूत होतं असं नाही. पण सासू गेल्यावर तिच्या वस्तूंची वकिली सुनेइतकी कोणी करत नाही, हा माझा अनुभव आहे. गाडीतला रेडिओ जर्मन, बेकर कंपनीचा. दोन बाजूंना दोन गोल खुंट्या आणि मध्ये पाच बटणं. या बटणांची एक खुबी होती. सुईने केंद्र लावायचं, बटण बाहेर ओढायचं आणि पुन्हा आत दाबायचं. मग ते केंद्र त्या बटणाच्या कायमचं लक्षात राहायचं. विजेशी त्याचा संबंध नाही. आतल्या पट्ट्या आणि खटके सरकून जिथे बसतात तीच त्याची स्मरणशक्ती. बॅटरी उतरली तरी बटण विसरत नाही. तिसऱ्या बटणावर माईंनी विविध भारती लावली होती आणि त्या बटणाला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती.

रेडिओ गेली आठ वर्षं मुका आहे. पण ताईंनी मला गाडीत बसवून तिसरं बटण दाबायला लावलं. दाबलं. सुई खटकन सरकली आणि माईंनी ठेवली होती तिथे जाऊन उभी राहिली.

भाऊसाहेबांचे चिरंजीव संगणकवाले. त्यांनी तोडगा काढला. रेडिओचं तोंड तसंच ठेवायचं, आतला कोथळा काढायचा आणि तिथे नवं यंत्र भरायचं. बाहेरून १९७२, आतून आज. परदेशांत जुन्या गाड्यांचे शौकीन असं सर्रास करतात. पोर्शे कंपनीने तर २०२० साली स्वतःच्याच जुन्या गाड्यांसाठी, जुन्या रेडिओच्या भोकात बसेल असा रस्ता दाखवणारा संच काढला. "काका, कोणाला कळणारसुद्धा नाही," चिरंजीव म्हणाले.

इथे मी चुकलो. गप्प बसायचं सोडून मी म्हणालो, "प्रश्न असा आहे की, एवढं बदलल्यावर ती गाडी तीच राहील का?"

भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे?"

मग मला राजा मिलिंदाची गोष्ट सांगणं भाग पडलं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा ग्रीक राजा, खरं नाव मिनँडर. भिक्षू नागसेनाशी वाद घालायला तो रथातून गेला. नागसेनाने त्याला विचारलं की, महाराज, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? की जू, की लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग या सगळ्यांना सोडून वेगळा असा कुठे रथ आहे का? त्यालाही राजा नाहीच म्हणाला. मग राहिलं काय? नुसतं नाव. सुटे भाग एकत्र आले की आपण त्याला रथ म्हणतो, इतकंच. आणि माणसाचंही तेच, असं नागसेनाचं म्हणणं.

भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या नागसेनाला आरटीओत जावं लागलं नव्हतं."

या एका वाक्याने मी बौद्ध दर्शनातून रस्त्यावर आलो. आरटीओचं तत्त्वज्ञान स्वच्छ आहे. रंग बदला, नोंद करा. इंजिन बदला, परवानगी घ्या आणि नोंद करा. पण चासी नंबर बदलाल तर तुरुंगात जाल. म्हणजे चासी नंबर हा गाडीचा आत्मा. सगळे देह बदलले तरी तो तोच राहतो. फक्त गीतेतल्या आत्म्याला गंज चढत नाही, याला चढतो. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी खास नियम केला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. तिथेही अट आहे ती सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसण्याची. माईंच्या तिसऱ्या बटणाची दखल सरकारने घेतलेली नाही.

रात्री घरी आल्यावर मी चष्मा काढला, दात काढून पेल्यात ठेवले, आणि माझ्या लक्षात आलं की मूळ भागांचा आग्रह धरणारा हा इसम स्वतः कितपत मूळ आहे? उजव्या डोळ्यात भिंग बसवलेलं आहे. त्या भिंगाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या प्लास्टिकच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत कपचे गेले. हॅरोल्ड रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरांना आढळलं की डोळा ते कपचे खपवून घेतो. त्यावरून त्यांनी १९४९ साली लंडनमध्ये तसल्याच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. म्हणजे विमानाचा माल माणसात बसला तर नातेवाईक पेढे वाटतात, आणि मोटारीत मोटारीचाच नवा भाग बसवायचा तर आम्ही नागसेनाला उठवतो! हा न्याय कुठला?

बराच वेळ झोप आली नाही. मग थोडं थोडं उमगत गेलं. माझे भाग बदलले तरी मी सकाळी उठून सांगू शकतो की मी तोच. पटत नसेल तर हिला विचारा. ती तर म्हणते की चाळीस वर्षांत काडीचा बदल नाही. गाडीला तसं सांगता येत नाही. तिला स्वतःची आठवण नाही. तिच्या भागांत दुसऱ्या कोणाची तरी आठवण राहिलेली असते. ती आपण साक्षीला ठेवलेली वस्तू आहे. आणि साक्षीदाराला म्हातारपणी काठी द्यावी, ऐकायचं यंत्र द्यावं. पण त्याच्या तोंडात आपले शब्द घालू नयेत.

चिरंजीवांच्या तोडग्यात मला खटकत होतं ते हेच. मी केस रंगवतो, त्यात कोणाची फसवणूक होत नाही. फार तर माझी होते. गाडी कोणाला विकायची नाही, तेव्हा तिथेही गिऱ्हाईक फसणार नाही. पण तिसरं बटण दाबल्यावर सुई न सरकता मोबाइल जोडला जाणार असेल, तर ते बटण माईंचं राहिलं नाही. मिस्त्रींची करवत निदान समोरून कापते. हा तोडगा चेहरा ठेवून आठवण काढून घेतो, आणि घरच्यांनाच ती तिथे आहे असं भासवतो.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांकडे जाऊन मी हे सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची, फिवाची, ट्यूरिनच्या नावाने ओळखली जाणारी एक सनद आहे. तिचा रोख असा की गाडी वापरात ठेवायला बदल करावे लागले तर करा, पण ते पुन्हा काढता आले पाहिजेत, आणि काढलेला मूळ भाग फेकू नका. माझ्या भाषेत सांगायचं तर, परतीची वाट ठेवा. कापलेला पत्रा परत येत नाही.

"आणि मी हरवलो तर?" भाऊसाहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. वस्तूची निष्ठा सांभाळताना जित्या माणसाला चौकात उभं करणं हाही अधर्मच. पूर्वी काच खाली करून "ओ भाऊ, कोथरूडला हाच ना?" असं विचारता यायचं, आणि सांगणारा आधी आपल्याकडे कीव करून बघत असला तरी सांगायचा. आता पुलावर विचारायला माणूसच उभा नसतो. तेव्हा वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांना विचारण्यात कमीपणा काही नाही. आपण नेमके कुठे आहोत हे ठरवायला त्यांनाही चौघांचं एकमत लागतं. आमच्या सोसायटीत दोघांचं होत नाही.

शेवटी भोक न पाडता, नुसत्या चिमट्याने मोबाइलचं स्टँड बसवलं. वीज घेतली ती सिगारेट पेटवायच्या जागेतून. आवाजाचा एक छोटा डबा मागच्या सीटवर ठेवला. दिसतं ते विजोड. भारी नऊवारीवर प्लास्टिकचं घड्याळ घातल्यासारखं. पण जे आहे ते उघड आहे, आणि दोन मिनिटांत काढता येतं.

रविवारी चौघं निघालो. तार लाल झाली, गाडी खोकली, उठली. मोबाइलमधली बाई मराठीत रस्ता सांगत होती. इंजिनाच्या घरघरीत स्टिरिओचं एक अक्षर कळत नव्हतं, तेव्हा हिने आणि ताईंनी गप्पा मारल्या. चांदणी चौकात भाऊसाहेबांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, बाईने सांगितलेला फाटा घेतला आणि कोथरूड आलं. त्यांनी सोडलेला निःश्वास मात्र त्या घरघरीतही ऐकू आला.

घरी परत आल्यावर इंजिन बंद झालं. भाऊसाहेब जरा वेळ तसेच बसून राहिले. मग हात पुढे करून त्यांनी तिसरं बटण दाबलं. सुई सरकली, आपल्या जागी जाऊन थांबली.

मला यावर बोलण्यासारखं पुष्कळ सुचलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी साडूचं दुसरं कर्तव्य पार पाडलं.